सोमाजी कंडक्टरांचं तेलुगू

"ड्रायव्हर काय, नुसतं चाक फिरवते. बस तं कंडक्टर चालवते!"

सोमाजी मोहुर्ल्यांचं हे वाक्य चंद्रपूरकडच्या मूल गावच्या बसस्टँडवर चहावाल्यापासून पेरूवाल्या बाईपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. सोमाजी एसटीतून रिटायर झाले, पण एसटी काही त्यांच्यातून रिटायर झाली नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते लोकांना ‘पुढं सरका, मांग जागा करा’ असं म्हणत बसवायचे.

त्यामुळे त्यांची सून नंदिनी स्वतः गाडी चालवत थेट काकीनाड्याला निघालीये हे ऐकून अख्खा मोहल्ला घाबरला, पण सोमाजी मुळीच घाबरले नाहीत. पोरीचं लायसन नवं, गाडी जुनी, आणि रस्ता सिरोंच्यावरून गोदावरी ओलांडून पार आंध्रातल्या समुद्रापर्यंत! शेजारचे गुणवंतराव काकुळतीला येऊन म्हणाले, "सोमाजीभाऊ, एखादा ड्रायव्हर ठेवा ना."

"कायले? चाक पोरगी धरते. गाडी मी नेतो!"

"पण तिकडं भाषा?"

"तेलुगू?" सोमाजी असे हसले, जसं काही गुणवंतरावांनी ‘तुम्हाला पाणी पिता येतं का’ असं विचारलं होतं. "सिरोंचा लाईनवर उभी हयात गेली माही. तेलुगू म्हंजे घरची भाषा!"

आता खरं सांगायचं तर सोमाजींचं तेलुगू एकूण तीन वाक्यांचं होतं. ‘टिकेट तीसुकोंडी’, म्हणजे तिकीट घ्या. ‘चिल्लरा इव्वंडी’, म्हणजे सुट्टे द्या. आणि ‘मुंदुकु जरगंडी’, म्हणजे पुढं सरका. पण या तीन वाक्यांवर ज्या माणसाने पूर्ण नोकरी काढली, त्याला चौथ्या वाक्याची गरज का वाटावी?

सोमाजींचा मुलगा आयुष काकीनाड्याच्या बंदरात एका कंपनीत होता. इतके दिवस चार पोरांत एक खोली करून राहायचा. आता त्याला क्वार्टर मिळालं, म्हणून नंदिनी संसार घेऊन कायमची तिकडे निघाली होती. आयुषला सुट्टी मिळेना. मग त्याने चंद्रपूरच्या मित्राकडून जुनी गाडी घेऊन ठेवली आणि नंदिनी ती शिकली. सोमाजी तिला पोचवून बसने परत येणार होते.

सोमाजींची बायको मनकर्णा वारली, त्याच्या पुढच्या वर्षी नंदिनी घरात आली. तेव्हापासून घरात दोघंच. सासरा आणि सून. तो साखरेचा डबा शोधायचा, ती लपवायची. संध्याकाळी टीव्हीच्या रिमोटवरून भांडणं व्हायची, आणि भांडण मिटलं की ती आल्याचा बिनसाखरेचा चहा ठेवायची. तो तोंड वाकडं करून सगळा प्यायचा.

आता ती निघाली म्हटल्यावर सोमाजी भेटेल त्याला सांगत सुटले, "लय बेस झालं! आता मी राजा. साखर माही, रिमोट माहं!"

मध्ये एकदा नंदिनी भांडी घासता घासता म्हणाली होती, "मामाजी, तुमी बी चला ना आमच्या संग."

"छे छे!" सोमाजी म्हणाले होते. "मले समुद्राची हवा मानवत नाई."

सोमाजींनी समुद्र कधी पाहिलेलाच नव्हता. तलाव म्हणाल तर आसोलामेंढ्याचा आणि नदी म्हणाल तर सिरोंच्याची गोदावरी, पाण्याच्या बाबतीत त्यापुढे त्यांची मजल गेली नव्हती. पण नंदिनीने ‘बरं’ म्हटलं आणि कढई जरा जोरात घासली. विषय तिथेच संपला.

निघायच्या दिवशी सोमाजींनी भल्या पहाटे उठून डिक्की स्वतःच्या हाताने भरली. कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. नंदिनी बाहेर आली तेव्हा डिक्कीत तांदळाच्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, भिंत उभी होती, आणि मागच्या सीटवर गॅसची शेगडी, गादी, मिक्सर, पाटा-वरवंटा असा संसार कोंबलेला. गाडीचं बूड दिवस भरलेल्या बाईसारखं खाली टेकलं होतं.

"मामाजी, दोन माणसांले येवढा तांदूळ?"

"आयुषले दुसरा तांदूळ पचत नाई."

"इतके दिवस तिथलाच तं खाऊन राह्यले ते!"

"म्हणूनच वाळला!"

आणि सोमाजी पुढच्या सीटवर जाऊन बसले. तिकिटाची पेटी नव्हती, तरी एक हात पोटावर ठेवून.

प्रवास मात्र झकास झाला. सिरोंच्याचा पूल ओलांडला, जंगल मागे पडलं, भद्राचलमला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी नारळाची झाडं लागली आणि हवेला मिठाचा वास येऊ लागला. नंदिनी छान चालवत होती. सोमाजी दर वळणावर ‘आन दे, आन दे, जाते’ म्हणत होते. समोर कोणी नसलं तरी म्हणत होते. मोबाईल म्हणाला, काकीनाड्याला जायला डावीकडून मोठ्या रस्त्याने जा.

"त्याचं आयकू नको," सोमाजी म्हणाले. "सीधी घे. आधी समुद्र दाखवतो तुले. मंग काकीनाडा."

"मामाजी, समुद्र तिकडं बी असनच ना?"

"तो बंदराचा समुद्र. डिझलचा. चांगला समुद्र इकडं हाय. वारा इकडूनच येऊन राह्यला!"

नंदिनीने वळवलं. काय करता? कंडक्टरने बेल दिल्यावर ड्रायव्हरला बोलायची सोय असते का?

त्या गावाचं नाव सोमाजींना शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही. पण गाव असं, की नंदिनीने गाडीच हळू केली. गल्लीच्या दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून जुनी घरं. लाल कौलांची छपरं इतकी खाली उतरलेली, जशी म्हाताऱ्या बायांनी कपाळावर पदर ओढून घेतलाय. पुढे कमरेएवढे उंच ओटे, ओट्यांवर कोरीव लाकडी खांब, हळद फासलेले आणि वर कुंकवाचे ठिपके दिलेले उंबरठे. दारं सताड उघडी. आणि पाहावं तर घराच्या आत, अगदी मधोमध, लख्ख ऊन पडलेलं!

"बिचारे!" सोमाजी हळहळले. "छप्पर मधातच सोडून देलं. पैसे पुरले नसतीन."

"चौक हाय तो, मामाजी. चारी बाजूनं उतरतं छप्पर आन मधात उघडं. पावसाचं पाणी घरातच पडत असन."

"घरात पाणी पडते तं मंग घर कायले बांधलं?"

संक्रांत तोंडावर होती. गल्लीभर, या ओट्यापासून त्या ओट्यापर्यंत, गालिच्यासारख्या रांगोळ्या काढलेल्या. नंदिनी कळवळून म्हणाली, "मामाजी, रांगोळी मोडते ना! एका बाजूनं घेऊ काय?"

"घे. आन दे... आन दे... जाते, लय जागा हाय, बस जाते इथून!"

बस गेली असती की नाही ते देव जाणे. गाडी नाही गेली. गल्ली पुढे नरसाळ्यासारखी अरुंद होत गेली होती. एका ओट्याची दगडी पायरी बाहेर आली होती. नंदिनीने रांगोळीला वळसा घालायला चाक त्या पायरीवर चढवलं. पुढचं चाक चढलं, उतरलं, आणि तांदळाने जड झालेलं गाडीचं पोट त्या पायरीवर खर्रकन बसलं. बिळात घूस अडकावी तशी गाडी दोन ओट्यांच्या मध्ये जी अडकली, ती हलेचना! चाकं नुसती फिरू लागली.

नंदिनीने आपलं दार ढकललं. ते ओट्याला टेकलं. सोमाजींनी आपलं ढकललं. तेही ओट्याला टेकलं. नंदिनीच्या खिडकीसमोर बरोबर एक भलामोठा कोरीव खांब उभा. आणि सोमाजींच्या बाजूची काच जुन्या गाडीच्या स्वभावाप्रमाणे चार बोटं खाली उतरली आणि तिथेच रुसून बसली.

"मामाजी," नंदिनी बारीक आवाजात म्हणाली, "आपण फसलो."

"फसलो नाई. थांबा हाय हा."

सोमाजींच्या बाजूच्या ओट्यावर एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा पेपर वाचत बसला होता. त्याच्या मांडीच्या पातळीवर आता एकदम सोमाजींचं डोकं आलं. तो दचकून उठला आणि हात मागे झाडत ओरडू लागला, "वेनक्की! वेनक्की!"

"काय म्हणते तो?" नंदिनीने विचारलं.

"नाव सांगून राह्यला आपलं. वेंकी." सोमाजींनी काचेच्या फटीतून बोटं बाहेर काढून, ‘राव’ लावावं तसं ‘गारू’ लावून नमस्कार केला. "नमस्कार, वेंकीगारू! मी सोमाजी!"

म्हातारा आणखी जोरात ओरडला, "वेनक्की! वेनक्की!"

"समजलं, समजलं! लय मायाळू दिसते."

आता, तो बिचारा ‘मागे घ्या, मागे घ्या’ म्हणत होता हे सोमाजींना कोण सांगणार? एव्हाना समोरच्या ओट्यावर दोन्ही नाकपुड्यांत चमकी घातलेली एक म्हातारी आली, तिच्यामागे दोन सुना आल्या, मग शेजारचे, मग त्यांचे शेजारी. दोन्ही ओट्यांवर माणसं अशी दाटीवाटीने बसली, जसं काही खाली नाटक सुरू आहे. चमकीवाल्या म्हातारीने आधी रांगोळीकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग नंदिनीच्या घामेजलेल्या तोंडाकडे. आणि आत जाऊन केळी घेऊन आली. खांबाच्या बाजूने हात घालून तिने ती नंदिनीच्या मांडीवर ठेवली. वेंकीने शहाळं मागवलं. पण शहाळं काही चार बोटांच्या फटीतून जाईना. मग तो स्वतः ओट्यावर शहाळं धरून उकिडवा बसला आणि नळी तेवढी आत सोडली. सोमाजी मान उंच करून, वासराने गाईला लुचावं तसे ते पाणी पीत राहिले. अर्धी गल्ली कौतुकाने पाहत होती.

पाणी पिऊन सोमाजींचं डोकं चालू लागलं.

"पोरी, ओझ्यानं गाडी बसली. तांदूळ उतरवला का गाडी वर येते. डिक्कीची कळ दाब!"

हे मात्र शंभर टक्के बरोबर होतं. नंदिनीने कळ दाबली, डिक्की उघडली. आता लोकांना एवढंच सांगायचं होतं की बाबांनो, तांदूळ बाहेर काढा. तांदळाला तेलुगूत ‘बिय्यम’ म्हणतात हे सोमाजींनी बसमध्ये ऐकलं होतं. राहिलं ‘काढा’. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. उभ्या हयातीत हजारो माणसांना उद्देशून म्हटलेला शब्द आपोआप ओठांवर आला. ते फटीशी तोंड नेऊन, भरल्या बसच्या शेवटच्या सीटपर्यंत जाईल अशा आवाजात गरजले, "बिय्यम तीसुकोंडी! सगळे जण! बिय्यम तीसुकोंडी!"

चमकीवाल्या म्हातारीने छातीवर हात ठेवला. वेंकीने विचारलं, "बिय्यम?"

"बिय्यम!" सोमाजी म्हणाले. "तीसुकोंडी!"

आणि मग काय विचारता! वेंकीने दोन पोरांना हाक मारली, पहिला कट्टा धपकन ओट्यावर आला. सोमाजींनी वरच्या आरशात पाहिलं आणि मान डोलावली. "पाह्य! भाषा येत असली का कामं कशी होतात."

मागे बायकांची रांग लागली. कोणाच्या हातात पातेलं, कोणाच्या हातात डबा, कोणाच्या पदराची झोळी. भरलेलं भांडं घेऊन जाताना प्रत्येक बाई सोमाजींच्या काचेपुढे थांबे आणि वाकून नमस्कार करे.

"मामाजी, ह्या बाया पाया काऊन पडून राह्यल्या?"

"वय पाहून. इकडले लोक मानाचे असतात." सोमाजी प्रत्येकीला आतून आशीर्वादाचा हात दाखवत होते.

"पण तांदूळ भांड्यात काऊन घेऊन राह्यल्या?"

"कट्टे जड हायेत ना. थोडा थोडा उतरवतात. हुशार!"

"पण मामाजी... त्या भांडे घरात घेऊन जाऊन राह्यल्या."

सोमाजींचा हात हवेतच थांबला.

तेवढ्यात वेंकीची सून शाळेतून परतली. श्रावणी तिचं नाव. शाळेत हिंदी शिकवायची. तिने गर्दी पाहिली, गाडीचा नंबर पाहिला आणि फटीशी वाकून हात जोडले. "दादाजी, आपने बहुत पुण्य का काम किया. त्योहार पर इतनी दूर से आकर चावल बाँट रहे हैं!"

"बाँट रहे हैं?" सोमाजींनी फटीला नाक लावलं. "अवो, कोण बाँट रहा? मैंने तो निकालो बोला, निकालो!"

"नहीं दादाजी. आपने बोला, चावल ले लीजिए. पूरी गली ने सुना."

अख्ख्या वर्षाचा तांदूळ! मूलच्या मिलमध्ये स्वतः उभं राहून काढून घेतलेला! त्यांनी ओरडून सगळ्यांना थांबवायचं ठरवलं, आणि घाबरलेल्या माणसाला जे येतं तेच तोंडातून बाहेर पडलं. "मुंदुकु जरगंडी! मुंदुकु जरगंडी!"

रांग शिस्तीत पुढे सरकली.

नंदिनीने तोंडावर ओढणी दाबून धरली होती. आधी सोमाजींना वाटलं ती रडतेय. नीट पाहिलं तर तिचे खांदे हसून हसून हलत होते. "हासून काय राह्यली!" ते चिडून म्हणाले, पण त्यांचं चिडणं पूर्ण व्हायच्या आत मागून श्रावणीचा आवाज आला.

"दादाजी, चावल के पीछे एक बिस्तर है, और एक पेटी. ये भी बाँटना है क्या?"

सोमाजी सीटवर खाली सरकले.

"कोनती पेटी?" नंदिनीने वळून पाहिलं. "मामाजी, आपण पेटी कुठी ठेवली होती?"

"जुने कपडे हायेत," सोमाजी घाईघाईने म्हणाले. "गाडी पुसाले. राहू दे, राहू दे. नो ओपन!"

पण पेटीची कडी जुनी. पोरांनी ती ओट्यावर ठेवली, तशी कडी आपोआप उघडली. सोमाजींचे इस्त्री केलेले सगळे शर्ट. स्वेटर. गोळ्यांचा डबा. दाढीचा आरसा. टीव्हीचं रिमोट. आणि सगळ्यात वर, टॉवेलात गुंडाळलेला मनकर्णेचा फोटो. श्रावणीने तो फोटो टॉवेलातून हलकेच काढला आणि कोरीव खांबाला टेकवून उभा केला. तिथून मनकर्णा थेट उघड्या डिक्कीतून आत पाहू लागली.

नंदिनीचं हसू थांबलं.

दारं बंद. एका खिडकीपुढे खांब, दुसरीची काच रुसलेली. गल्लीभर माणसं. जायला जागा म्हणून नाही. सोमाजी एसटीत असताना अवघड प्रसंग आला की मागच्या दाराकडे निघून जायचे. इथे मागे पाटा-वरवंटा होता.

"मामाजी," नंदिनी समोर पाहत म्हणाली, "तुमी तं वापस जाणार होते ना?"

"जाणारच हावो."

"मंग सगळे शर्ट?"

"असू द्यावं माणसानं सोबत. थंडी-वारा..."

"आन रिमोट?"

"घरात कोणी नाई. चोर घुसला तं टीव्ही लावन." हे बोलून सोमाजींना स्वतःलाच कसंतरी झालं. ते पोटावरचा हात चोळत खाली पाहू लागले. मग म्हणाले, "म्हटलं, तू रस्त्यात एखाद्या वेळेस म्हणशीन चला म्हणून. म्हटलंच, तं वापस मूलले जाऊन पेटी आणणं काई जमलं नसतं."

"पण मी म्हटलं होतं! घरीच म्हटलं होतं. तुमी म्हटलं समुद्राची हवा मानवत नाई."

"एकदाच म्हटलं तू."

"एकदा म्हटलं तं नाई चालत काय?"

"पोरी," सोमाजी म्हणाले, "बस सुटाच्या आधी मी सुदिक ‘कोणी राह्यलं काय’ असं तीनदा इच्यारो. एकदा इच्यारलं तं माणूस लाजते. कोणी संडासात असते, कोणी चहा घेऊन राह्यते..."

नंदिनीने डोळे पुसले. ओढणीला नाकही पुसलं. "आन मी काय समजलो होतो माहीत हाय? मले वाटलं तुमाले माह्या बिनसाखरेच्या चहाचा कटाळा आला. बरी बला टळली म्हणत असान. साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरले, आता मी राजा म्हणून. मी आयकलं सगळं."

"ते तं... लोकांले काय सांगू? का घर खायाले उठन म्हणून सांगू?"

बाहेर वेंकी काचेवर टकटक करत होता. त्याला आत काय चाललंय ते कळत नव्हतं, पण भिजलेले डोळे कुठल्याही भाषेत कळतात. त्याने नळी पुन्हा फटीतून आत सोडली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

"मामाजी," नंदिनी म्हणाली, "चलता काय आमच्या संग?"

"पाहू."

"चलता काय?"

"तुमचं नवं घर, तुमी नवे माणसं, मी मधात..."

"मामाजी! चलता काय? शेवटचं इच्यारून राह्यलो, मंग बस सुटते!"

"आता येवढा आग्रह करून राह्यली तं," सोमाजी घसा साफ करत म्हणाले, "नाई म्हणणं बरं दिसत नाई."

तोवर मागची सीटही रिकामी झाली होती. गाडी हलकी होऊन पायरीवरून चांगली वर आली. पण दारं उघडणार नाहीतच, तेव्हा दोघांनी मागून निघायचं ठरलं. नंदिनी सीटवरून सरपटत खारीसारखी बाहेर पडली. सोमाजींनी बूट काढले आणि पायाकडून यायचा निर्णय घेतला. आधी त्यांचे मोजे दिसले, मग पँट, मग बराच वेळ काहीच दिसेना. मग वेंकीने एक पाय धरला, श्रावणीने दुसरा, आणि चमकीवाल्या म्हातारीच्या देखरेखीखाली सोमाजी मोहुर्ले डिक्कीतून पायाळू जन्माला आले! बायकांनी टाळ्या वाजवल्या.

श्रावणीने सगळा घोळ तेलुगूत समजावला, तेव्हा गल्लीत आधी हशा पिकला आणि मग सगळ्यांची तोंडं पडली. बायका आपापली भांडी घेऊन तांदूळ परत आणायला निघाल्या. चमकीवालीने तर अर्धा तांदूळ चुलीवर चढवलासुद्धा होता. ती पातेल्यासकट आली!

सोमाजींनी त्या वाफाळत्या पातेल्याकडे पाहिलं. मूलच्या तांदळाचा वास त्या मिठाच्या हवेत पसरला होता. ते ताठ उभे राहिले. "इनको बोलो," ते श्रावणीला म्हणाले, "एक बार फाडा हुआ तिकीट हम वापस नहीं लेते."

मग काय, त्यांना कोण सोडतंय! वेंकीच्या घरात, त्या उघड्या चौकाच्या कडेला पानं मांडली गेली. सोमाजी आभाळाखाली, पण घरात, जेवायला बसले. वरून ऊन पाठीवर येत होतं, कौलांवरून चिमण्या चौकात उतरत होत्या. जेवता जेवता ते नंदिनीच्या कानाशी लागले, "छप्पर मुद्दाम सोडलेलं दिसते बाप्पा."

म्हाताऱ्याचं नाव वेंकी नसून सत्यनारायणमूर्ती आहे, हेही तिथेच कळलं. पण तोपर्यंत त्याची स्वतःची नातवंडंच त्याला वेंकी म्हणू लागली होती.

जेवण झाल्यावर श्रावणी त्यांना चालत गल्लीच्या टोकाला घेऊन गेली. तिथे गल्लीच संपत होती. पुढे वाळू, आणि वाळूपुढे तो. सोमाजी तसेच पुढे चालत गेले. एक लाट येऊन त्यांचे मोजे भिजवून गेली. नंदिनीने विचारलं, "मानवते काय हवा?"

"बरी हाय," सोमाजी म्हणाले. "थोडी खारट हाय."

परत आले तोवर गल्लीने सामान भरून ठेवलं होतं. भांडं रिकामं परत करायची तिथे रीत नव्हती. तांदूळ नेलेल्या प्रत्येक घरातून काही ना काही आलं होतं. नारळ, लोणच्याच्या बरण्या, ताडाचा गूळ, सुकी मासळी, कागदासारख्या पातळ घडीची मिठाई. डिक्की अशी ठासून भरली, की गाडी पुन्हा पायरीवर बसते की काय अशी भीती! म्हणून वेंकीने ते सगळं आधी पोरांच्या डोक्यावर देऊन गल्लीच्या तोंडाशी पाठवलं आणि मग नंदिनी डिक्कीतून आत शिरून चाकाशी बसली.

आता रिव्हर्स. आणि इथे सोमाजींचा खरा हात होता. ते गाडीच्या मागे उभे राहिले, अर्धी गल्ली त्यांच्या मागे उभी राहिली.

"आन दे... आन दे... डावी मार... बस्स! सीधी कर... आन दे..."

गाडी लोण्यासारखी मागे येत होती. खांबाला नाही, पायरीला नाही, उरलेल्या रांगोळीलासुद्धा चाक लागलं नाही. वेंकी ‘वेनक्की, वेनक्की’ म्हणत साथ देत होता, आणि आता सोमाजींना त्याचा अर्थ कळला होता. गल्लीच्या तोंडाशी गाडी मोकळी झाली. पोरांनी सामान भरलं. नंदिनीने तोंड फिरवून गाडी मोठ्या रस्त्याला लावली. लोकांनी हात हलवले. चमकीवालीने सोमाजींच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. निरोपाच्या भरात सोमाजींनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि नोकरीत रोज करायचे तसं दोनदा जोरात थोपटलं. धप! धप!

दोन थापा म्हणजे काय, हे मूलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दोन थापा म्हणजे, चला!

गाडी निघाली.

सोमाजी हसऱ्या चेहऱ्याने हात हलवत राहिले. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. कोपऱ्यावरून वळली. दिसेनाशी झाली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण रस्त्यात उभे आहोत.

वेंकी त्यांच्याकडे पाहू लागला. चमकीवाली पाहू लागली. सोमाजींनी खिसे चाचपले. मोबाईल गाडीत, पाकीट गाडीत, बूट गाडीत. पायात ओले मोजे. आणि ज्या गावाचं नावही धड घेता येत नाही, तिथे तीन वाक्यांच्या तेलुगूवर ते उभे! आत्ताच तर म्हणत होती, चला म्हणून. तीनदा म्हणत होती!

वेंकीने हळूच त्यांचा दंड धरला. कोणीतरी खुर्ची आणली. सोमाजी बसले नाहीत. कोपऱ्याकडे पाहत राहिले.

थोड्या वेळाने कोपऱ्यावरून नंदिनी पळत येताना दिसली. गाडी न घेता, पायी, ओढणी सावरत. धापा टाकत ती त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"मामाजी! मी आपली बोलतच होतो तुमच्या संग! अर्धा रस्ता बोललो! पाह्यतो तं सीट रिकामी! तुमी बेल देली आन बसलेच नाई?"

सोमाजींनी मान खाली घातली. मग आजूबाजूची गल्ली पाहतेय हे ध्यानात येऊन ती पुन्हा वर केली, शर्ट खाली ओढला आणि पोटावर हात ठेवला.

"ब्रेक चेक करून राह्यलो होतो तुहा," ते म्हणाले. "लय उशिरा लागते."